श्रम खेळाडूंचे, मालकी कंपनीची

आइसलंडमधील सीसीपी या कंपनीने २००३ साली सुरू केलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळयानांचा खेळ म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील एक संपूर्ण अर्थव्यवस्थाच आहे. तेथील बहुतेक सर्व याने खेळाडूच बांधतात. कोणी लघुग्रह फोडून खनिज काढतो, कोणी लढाईत मोडलेल्या यानांच्या भंगारातून कामाचे भाग वेचतो, आणि त्या भागांतून तिसराच कोणी नवी सामग्री घडवतो. हे सारे विश्व हजारो हातांच्या श्रमांवर उभे आहे. परंतु मालकी कोणाची? करारनामा निःसंदिग्धपणे सांगतो : सर्व वस्तू कंपनीच्या!

हे कलम निरुपद्रवी नव्हे. कंपनी ‘प्लेक्स’ नावाची एक हुंडी खऱ्या पैशांना विकते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो ती घेऊन खेळाच्या बाजारात विकतो. ज्याच्यापाशी केवळ वेळ आहे तो भंगार उपसून मिळवलेल्या खेळातील चलनात ती घेतो आणि आपले सदस्यत्व भागवतो. एकाचा पैसा दुसऱ्याचे तास विकत घेतो आणि रोकड कंपनीच्या तिजोरीत पडते. मात्र कष्टाने मिळवलेले तेच चलन कोणी रोख पैशांत मोडू पाहील, तर तो नियमभंग ठरतो. पैशाला आत येण्याची मुभा, श्रमाला बाहेर पडण्याची बंदी, असा हा न्याय आहे.

‘हा तर खेळ, सक्ती कोणी केली?’ असा युक्तिवाद केला जातो. कामगार चळवळीने आठ तासांचा दिवस लढून मिळवला, तो फुरसतीच्या वेळी दुसरी पाळी भरण्यासाठी नव्हे. यंत्रणा उभारल्याचा मोबदला कंपनीने अवश्य घ्यावा. पण यंत्रणेचे भाडे निराळे आणि उत्पादनावरील हक्क निराळा.

खेळाडू निमूट बसलेले नाहीत. जून २०११ मध्ये सुमारे ६० डॉलर किमतीचा शोभेचा एकभिंगी चष्मा विक्रीस येताच त्यांनी खेळातील जिता या बाजारपेठेतल्या स्मारकावर तोफा डागून निषेध केला. कंपनीने त्यांच्या निर्वाचित प्रतिनिधींना रेक्याविक येथे पाचारण केले. ऑक्टोबरमध्ये कंपनीप्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली. तरीही हे प्रतिनिधिमंडळ केवळ सल्लागारच राहिले आहे. ज्या सभेचा सल्ला मानणे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते, ती लोकशाही नव्हे, दरबार होय.

करारनाम्यातील प्रत्येक बदलास या मंडळाची संमती अनिवार्य असली पाहिजे. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व ज्यांना मान्य आहे, त्यांना ‘घडवील त्याची वस्तू’ हेही मान्य करावेच लागेल.