नुरागे : लेखक नसलेली संहिता

ज्या समाजाने एकही ओळ लिहून ठेवली नाही, त्याला आपण सहजपणे ‘मुका’ ठरवतो. सार्डिनिया बेटावरील कांस्ययुगीन समाजाच्या वाट्याला हेच आले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात या लोकांनी चुन्याशिवाय प्रचंड दगड रचून, वर निमुळते होत जाणारे गोल बुरूज उभारले. त्यांना ‘नुरागे’ म्हणतात. आजही सुमारे ७००० नुराग्यांचे अवशेष बेटावर विखुरलेले आहेत.

‘बुरूज’ हा शब्द मी वापरला आणि अर्धा अन्वयार्थ तिथेच ठरून गेला. बुरूज म्हटले की मराठी वाचकासमोर किल्ला उभा राहतो. किल्ला आला की शत्रू येतो. ‘मनोरा’ म्हटले असते तर वाचन वेगळ्या दिशेने गेले असते.

हा मोह केवळ भाषांतरकाराचा नाही. बारूमिनी येथील ‘सु नुराशी’ या स्थळाचे १९५० च्या दशकात उत्खनन करणारे जोव्हान्नी लिल्यू त्याच गावचे सुपुत्र. त्यांना नुराग्यांत दुर्ग दिसले आणि सार्डिनियाच्या साऱ्या इतिहासात परकीय सत्तांना केलेल्या प्रतिकाराचे सातत्य दिसले. शतकानुशतके इतरांच्या अमलाखाली राहिलेल्या बेटाला या वाचनाने स्वाभिमान दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु पुढच्या अभ्यासकांनी त्याच वास्तूंत निवास, धान्यसाठा, सामूहिक व्यवहार आणि विधी यांच्या शक्यता पाहिल्या. सु नुराशीच्या मध्यवर्ती मनोऱ्याला बिलगून असलेली दगडी झोपड्यांची वस्ती ‘किल्ला’ या एका शब्दाने वाचनाबाहेर राहते.

मला सर्वांत बोलका वाटतो तो आल्गेरोजवळील पाल्माव्हेरा येथील पुरावा. तिथल्या सभागृहात भिंतीलगत गोलाकार दगडी बैठक आहे आणि मधोमध नुराग्याची छोटी दगडी प्रतिकृती. नवे नुरागे बांधणे थांबल्यानंतरच्या काळातही अशा प्रतिकृती घडवल्या जात होत्या. म्हणजे पूर्वजांच्या वास्तूचे प्रतीक त्याच समाजाने केले होते. नुराग्यांचे पहिले वाचक त्यांच्या कर्त्यांचेच वंशज होते आणि त्यांच्याही हातून अर्थ बदलला होता.

‘लेखकाला काय म्हणायचे आहे?’ हा आपल्या वर्गांतला लाडका प्रश्न इथे निरुपयोगी ठरतो. मात्र लेखक नाही म्हणून वाटेल तो अर्थ चालतो, असेही नाही. चुली, झोपड्या, बैठका यांची साक्ष वाचकाला बांधून ठेवते. मूळ अर्थ गवसल्याचा दावा सोडून, आपण कोणत्या शब्दाने वाचायला सुरुवात केली हे प्रांजळपणे सांगणे, एवढे तरी या न लिहिणाऱ्या माणसांचे आपण देणे लागतो.