जाऊनही राहिलेलें आम्ल

शेणापासून होणारा वायु परभणी जिल्ह्यांतील वाचकांस नवा नाहीं. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठधामांत तर मैल्यापासून केलेल्या अशाच वायूचे दिवे १८९७ सालीं लागले होते. या वायूंत शेंकडा सुमारें ६० भाग मिथेन. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. आपण पहिला जाळतों व दुसऱ्यास निरुपयोगी समजतों. रसायनशास्त्रज्ञ मात्र दोहोंचा संयोग घडवून हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड मिळवितात. त्यांपासून पुढें द्रव इंधनें, इतकेंच नव्हे तर खतासाठीं अमोनियाही करितां येतो.

अडचण अशी कीं, या क्रियेस ७०० ते ९०० अंश उष्णता लागते, आणि तिला चालना देणारा निकेलचा उत्प्रेरक काजळीनें माखून निकामी होतो. निकेलला फॉस्फरसाची जोड देऊन फॉस्फाइड केलें, तर काजळी कमी धरते असें प्रयोगांत दिसून आलें आहे. तथापि तेंही निर्धास्त नव्हे. कार्बन डायऑक्साइडमधील प्राणवायूनें तें बिघडूं शकतें. म्हणून तें घडवावें कसें, यालाच महत्त्व.

निकेल नायट्रेट व अमोनियम फॉस्फेट पाण्यांत कालवून आटवावें, भाजावें, आणि हायड्रोजनच्या प्रवाहांत ६०० अंशांच्या आसपास तापवावें, ही नेहमींची कृति. आटविण्यापूर्वीं त्यांत सायट्रिक आम्ल, म्हणजे आपल्या लिंबांतलेंच, घातलें तर तें निकेलच्या कणांस धरून एकमेकांपासून दूर ठेवतें. भाजतांना स्वतः जळून जातें. मागें सच्छिद्र, बारीक पूड राहते. तयार मालांत आम्ल शोधूं गेल्यास सांपडत नाहीं, पण पृष्ठभाग वाढलेला असतो.

व्याकरण शिकलेल्यांस येथें पाणिनीचा 'इत्' आठवेल. 'क्त' प्रत्ययांतला क् लोप पावतो, परंतु तो होता म्हणूनच 'जि' धातूचें 'जित' होतें. 'तृच्' मध्यें तो नाहीं, म्हणून 'जेता'. रसशास्त्रांतील लिंबूरसाच्या भावनेचा दाखला देऊन 'हें आमच्याकडे पूर्वींच होतें' असें म्हणण्याचा मोह पुष्कळांस होईल. तो आवरावा, भावनेचा हेतु निराळा होता.

घातलेलें सर्वच जातें असेंही नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. व्ही. आर. चौधरी व त्यांचे सहकारी यांनीं १९९० च्या दशकांत निकेल बसविण्यापूर्वीं खालच्या आधारद्रव्यावर मॅग्नेशियाचा थर दिला. तो थर टिकतो, आणि निकेलला आधाराशीं एकजीव होऊन निष्क्रिय होऊं देत नाहीं.

आपल्या टाकींतला वायु मात्र थेट या भट्टींत सोडतां येणार नाहीं. त्यांतील हायड्रोजन सल्फाइड निकेलला विषासारखा बाधतो. तो आधीं लोखंडाच्या गंजावरून नेऊन काढावा लागतो.