जपानी ॲनिमेच्या बाजारात 'ती'चा कौल

विशेष प्रतिनिधी

जपानमधील एखादी ॲनिमे मालिका यशस्वी ठरली की नाही, याचा निकाल अनेक वर्षे दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकसंख्येवर लागत नसे. तो लागे दुकानातील डिस्कच्या विक्रीवर. हा निकाल देणारा ग्राहक म्हणजे 'ओताकू' या नावाने ओळखला जाणारा हौशी तरुण पुरुष, असा समज तेथील उद्योगात रूढ होता. २०११ ते २०१७ या काळात त्या समजाला मोठा हादरा बसला. स्त्री-चाहत्यांनी एकामागून एक मालिका विक्रीच्या यादीत वर नेल्या आणि निर्मात्यांना आपले जुने आडाखे बदलावे लागले. ग्राहक बदलला की पडद्यावरची कथा बदलते, नायक बदलतो आणि व्यवसायाची रीतही बदलते. म्हणूनच या घडामोडीकडे केवळ चाहत्यांचे वेड म्हणून पाहून चालणार नाही.

ॲनिमे आपल्याकडील प्रेक्षकाला अगदीच अपरिचित नाही. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर गाजलेली मोगलीची 'जंगल बुक' मालिका मूळची जपानीच. 'डोरेमॉन'ने तर नंतरच्या पिढीचे बालपण व्यापले. मात्र येथे ज्या मालिकांचा विचार करावयाचा आहे त्या लहान मुलांच्या नव्हेत. त्या प्रामुख्याने रात्री उशिरा, प्रौढ आणि तरुण प्रेक्षकांसाठी दाखवल्या जातात. त्यांचे अर्थकारणही निराळे आहे.

महागडी डिस्क, मोजके ग्राहक

अशा मालिकेसाठी प्रकाशक, संगीत कंपन्या, व्हिडिओ कंपन्या, वाहिन्या, खेळण्यांचे उत्पादक अशी मंडळी एकत्र येऊन 'निर्मिती समिती' स्थापन करतात आणि भांडवलासोबत जोखीमही वाटून घेतात. मध्यरात्रीनंतरची प्रसारणवेळ बहुधा ही समितीच पैसे मोजून मिळवते. म्हणजे प्रसारण हे कमाईचे साधन नसून एका अर्थाने डिस्कची जाहिरातच असते. मामोरू ओशी यांनी दिग्दर्शित केलेली 'दालोस' ही कलाकृती १९८३ साली दूरचित्रवाणी आणि चित्रपटगृह या दोन्ही वाटा टाळून थेट व्हिडिओवर आली. तेव्हापासून घरी बाळगण्याचा व्हिडिओ हा या उद्योगाचा स्वतंत्र आधार बनत गेला.

हा आधार स्वस्त मात्र कधीच नव्हता. एका डिस्कवर साधारण दोन भाग आणि तिची किंमत सहा ते आठ हजार येन, असा जपानमधील प्रघात. सात हजार येन म्हणजे त्या काळच्या दराने चार हजार रुपयांच्या आसपास. बारा भागांची मालिका पूर्ण जवळ बाळगायची तर सहा खंड घ्यावे लागत आणि खर्च चाळीस हजार येनच्या पुढे जाई. पाश्चात्त्य देशांत संपूर्ण मालिका एका संचात याच्या काही अंश किमतीला मिळत असे.

इतकी किंमत मोजणारे ग्राहक अर्थातच मोजके. काही हजार प्रती खपल्या तरी मालिका तगे आणि दहा-वीस हजार खपल्या तर तिचा गाजावाजा होई. ग्राहक थोडे असले की प्रत्येकाचे वजन वाढते. एखाद्या गटाने ठरवून खरेदी केली, तर त्याच्या आवडीची मालिका पुढे सरकू शकते. स्त्री-चाहत्यांच्या प्रभावाचे मूळ या रचनेत आहे.

चाहत्या नव्या नव्हेतच

स्त्रिया ॲनिमेकडे अचानक वळल्या, असे समजणे चुकीचे ठरेल. हौशी चित्रकथाकारांचा 'कॉमिकेट' हा मेळावा डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोत प्रथम भरला. त्याला सुमारे सातशे जण आले होते आणि त्यांत शाळकरी मुलींचे प्रमाण फार मोठे होते. ऐंशीच्या दशकात 'कॅप्टन त्सुबासा' ही फुटबॉलची आणि 'सेंट सेया' ही योद्ध्यांची कथा मुलांसाठी म्हणून निघाली. पण त्यांतील पात्रांच्या परस्परसंबंधांवर स्वतःच्या कथा रचून त्या मेळाव्यांत विकणाऱ्या बहुतेक मुलीच होत्या. १९९५ च्या 'गंडम विंग' मालिकेतील पाच तरुण वैमानिकांवर आणि २००२ मध्ये सुरू झालेल्या 'गंडम सीड'वरही स्त्री-चाहत्यांनी असाच जीव लावला. यंत्रमानवांच्या युद्धकथा पुरुषांसाठीच असतात, हे गृहीतक तेव्हाच डळमळले होते.

दुसरीकडे समाजही बदलत होता. नोकरीतील समान संधीचा कायदा १९८६ पासून अमलात आला. जपानी स्त्रीचे पहिल्या विवाहाचे सरासरी वय १९८० मध्ये २५.२ वर्षे होते. २०११ मध्ये ते २९ वर्षांवर गेले. स्वतः कमावणारी, स्वतःच्या खर्चाचा निर्णय स्वतः घेणारी आणि शाळकरी वयातील आवड न सोडलेली स्त्री हा एक मोठा ग्राहकवर्ग तयार झाला. फुजी टीव्हीने एप्रिल २००५ मध्ये 'नोइतामिना' या नावाने रात्रीच्या ॲनिमेचा नवा विभाग सुरू केला, तो नेहमीच्या तरुण पुरुष प्रेक्षकापलीकडे, विशेषतः तरुण स्त्रियांपर्यंत, पोहोचण्यासाठी. 'ॲनिमेशन' हा शब्द रोमन लिपीत उलटा वाचला की 'नोइतामिना' होतो. नावातच प्रचलित समज उलटा करण्याचा हेतू असावा, असे वाटावे इतके ते समर्पक होते.

सहा वर्षांतील उलथापालथ

२०११ हे वर्ष या प्रवासातील महत्त्वाचे वळण ठरले. सनराइज या संस्थेची 'टायगर अँड बनी' ही महानायकांची मालिका त्या वर्षी एप्रिलमध्ये आली. तिच्यातील वीरांच्या पोशाखांवर खऱ्याखुऱ्या कंपन्यांची बोधचिन्हे झळकत होती. नायक मात्र देखणा युवक नव्हे, तर एका मुलीचा बाप असलेला, पत्नी गमावलेला, उतरणीला लागलेला मध्यमवयीन माणूस. त्याची आणि त्याच्या तरुण, तुसड्या सहकाऱ्याची जोडी स्त्री-प्रेक्षकांनी उचलून धरली आणि पुढे तिच्यावर दोन चित्रपटही आले. त्याच वर्षी जुलैत 'उता नो प्रिन्स-सामा' ही मालिका प्रसारित झाली. मुळातच स्त्रियांसाठी बनवलेल्या संगणकीय खेळावर ती आधारित होती. डिस्क, गाणी आणि आवाज देणाऱ्या कलावंतांचे जाहीर कार्यक्रम असा तिहेरी व्यवसाय तिने उभा केला.

२०१२ मध्ये 'कुरोको नो बास्केट' आली. २०१३ च्या मार्च महिन्यात क्योतो ॲनिमेशनच्या परिवारातील स्टुडिओची, पोहणाऱ्या युवकांची एक छोटी जाहिरात झळकली आणि समाजमाध्यमांवर तिच्या चर्चेला उधाण आले. जुलैमध्ये त्याच युवकांची 'फ्री!' ही मालिका सुरू झाली. शाळकरी मुलींच्या गोड कथांसाठी आणि त्यांवर फिदा असलेल्या पुरुष चाहत्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने आपला मोहरा वळवला, हे लक्षणीय होते. 'फ्री!'च्या दिग्दर्शक हिरोको उत्सुमी याही स्त्रीच.

या साऱ्यावर कळस चढवला तो 'ओसोमात्सु-सान'ने. फुजिओ आकात्सुका यांच्या १९६२ च्या विनोदी चित्रकथेतील सहा जुळे भाऊ ऑक्टोबर २०१५ मध्ये पडद्यावर परतले, ते मोठे झालेले, बेकार आणि आईवडिलांच्या जिवावर जगणारे म्हणून. रूपवान नायकच स्त्री-प्रेक्षकाला खेचतो, या ठोकताळ्याला हा सरळ छेद होता. जानेवारी २०१६ मध्ये तिचा पहिला खंड बाजारात आला आणि पहिल्याच आठवड्यात डीव्हीडी व ब्लू-रे मिळून सत्तर हजारांहून अधिक प्रती खपल्या. इतर कलाकृतींच्या विडंबनामुळे वादात सापडलेला पहिला भाग त्या खंडातून वगळलेला होता, तरीही.

या विक्रीतील एक तपशील फार बोलका आहे. प्रसिद्ध होणाऱ्या विक्रीच्या तक्त्यांत प्रतींची संख्या असते. खरेदी पुरुषाने केली की स्त्रीने, हे त्यांत नसते. मात्र पुरुष चाहत्यांच्या आवडत्या मालिकांमध्ये त्या काळी ब्लू-रेचा वाटा मोठा असे, तर 'ओसोमात्सु-सान'च्या पहिल्या खंडात डीव्हीडी ब्लू-रेच्या पुढे होती. म्हणजे ब्लू-रे यंत्र घेण्याइतका तांत्रिक हव्यास नसलेला आणि डिस्क गोळा करण्याच्या जुन्या छंदाबाहेरचा ग्राहक या वेळी दुकानात आला होता.

अर्थात याच काळात पुरुष-प्रेक्षकांचा बाजार ओस पडला होता, असेही नाही. २०११ ची 'मादोका माजिका' आणि २०१३ ची 'लव्ह लाइव्ह' यांनी विक्रीचे मोठे आकडे गाठले. एका गटाची जागा दुसऱ्याने घेतली नाही. पूर्वी एकाच गटाकडे पाहणाऱ्या उद्योगाला आता दोन गटांचा हिशेब मांडावा लागला, एवढाच त्याचा अर्थ.

डिस्क की मतपत्रिका?

मालिका फुकट पाहता येत असताना इतके पैसे कोणी का मोजावेत? त्याचे उत्तर डिस्कच्या खोक्यात दडलेले आहे. खास रेखाटलेले मुखपृष्ठ, पुस्तिका, कलावंतांच्या गप्पांची ध्वनिफीत आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जाहीर कार्यक्रमाच्या तिकिटासाठी आगाऊ अर्ज करण्याचा कागद. तिकिटे सोडतीने मिळतात. एका डिस्कमागे एक अर्ज, तर दोन डिस्कमागे दोन. त्यामुळे एकच व्यक्ती एकाच खंडाच्या अनेक प्रती घेऊ लागली. याखेरीज 'आम्ही घेतले नाही तर पुढचे पर्व निघणार नाही' ही भावनाही प्रबळ होती. डिस्क ही पाहण्याची वस्तू न राहता मतपत्रिका झाली.

येथेच या प्रभावाची दुसरी बाजू दिसते. जपानमध्ये पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रीचे वेतन पुरुषाच्या तुलनेत सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी आहे. कमी वेतन घेणारा वर्ग पदरमोड करून एका उद्योगाची जोखीम उचलतो आणि उद्योग ती निष्ठा गृहीत धरून खोक्यात आणखी एक आमिष ठेवतो, असे हे चक्र आहे. शिवाय या मतदानात एका व्यक्तीला एकच मत नसते. ज्याची ऐपत अधिक, त्याची मते अधिक. स्त्रियांचा आवाज वाढला हे खरे; पण त्यातही पैसेवालीचाच आवाज मोठा झाला, हेही तितकेच खरे.

बाजार सरकला, ग्राहक टिकला

दरम्यान डिस्कचेच दिवस भरत आले. २०१५ मध्ये नेटफ्लिक्स जपानमध्ये दाखल झाली आणि जपानी ॲनिमेशन संघटनेच्या पाहणीनुसार २०१८ मध्ये इंटरनेटवरील प्रसारणाच्या उलाढालीने डिस्कला प्रथमच मागे टाकले. परंतु डिस्कवर खर्च करणारी चाहती कोठे गेली नाही. तिचा पैसा दुसऱ्या वाटांनी वाहू लागला.

जानेवारी २०१६ मध्ये अवघ्या १४ चित्रपटगृहांत प्रदर्शित झालेला 'किंग ऑफ प्रिझम' याचे ठळक उदाहरण. हातात रंगीत दिवे घेऊन, पडद्यावरील पात्रांना आरोळ्यांनी साथ देत पाहण्याच्या खास खेळांना स्त्रिया पुनःपुन्हा आल्या आणि चित्रपटाने ८० कोटी येनचा टप्पा ओलांडला. २०१८ मधील 'डिटेक्टिव्ह कोनान'च्या चित्रपटातील आमुरो या पात्रासाठी तर चाहत्यांनी 'याला हजार कोटी येनचा माणूस बनवू' असा चंगच बांधला. चित्रपट सुमारे ९१८ कोटी येनवर थांबला, तरी एका पात्रापायी प्रेक्षक किती वेळा तिकीट काढू शकतो हे त्यातून दिसले. २००३ मध्ये 'प्रिन्स ऑफ टेनिस'च्या संगीत नाटकाने रुजलेली ॲनिमेवरील रंगभूमी आणि टोकियोतील इकेबुकुरोचा 'ओतोमे रोड' म्हणजे 'कुमारिकांचा रस्ता' म्हणून ओळखला जाणारा दुकानांचा पट्टा, हेही याच ग्राहकाच्या बळावर उभे आहेत. आपल्या लाडक्या पात्रासाठी वा कलावंतासाठी वेळ आणि पैसा वेचण्याला जपानीत 'ओशिकात्सु' म्हणतात. २०२१ मध्ये हा शब्द तेथील वर्षातील गाजलेल्या शब्दांच्या पुरस्कारासाठी नामांकित झाला.

कौलाची मर्यादा

मात्र पैसा मोजल्याने निर्णय हाती येतोच, असे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेली, फिगर स्केटिंगवरील 'युरी ऑन आइस' ही मालिका दिग्दर्शक सायो यामामोतो आणि कथाकार मित्सुरो कुबो या दोन स्त्रियांची निर्मिती. दोन पुरुष खेळाडूंमधील प्रेम तिने आडवळणे न घेता, सन्मानाने मांडले. तिच्या डिस्क विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेल्या, चित्रपटाची घोषणा झाली, प्रदर्शन लांबले आणि अखेर एप्रिल २०२४ मध्ये मॅपा या संस्थेने तो रद्द केल्याचे जाहीर केले. चाहत्यांनी दिलेला भक्कम कौल सात वर्षांच्या प्रतीक्षेनंतरही निष्फळ ठरला.

स्त्री-चाहत्यांनी मिळवलेले यश आणि त्याची मर्यादा या एका उदाहरणात एकत्र दिसतात. त्यांच्या खरेदीमुळे मध्यमवयीन बाप, बेकार भाऊ, परस्परांवर प्रेम करणारे खेळाडू अशी पूर्वी बाजाराला न परवडणारी पात्रे पडद्यावर आली; स्त्री-दिग्दर्शकांच्या कामाला मागणी आहे हे आकड्यांनी सिद्ध झाले. पण भांडवल गुंतवणाऱ्या समितीच्या टेबलाभोवती ग्राहकाला खुर्ची नाही. डिस्कच्या काळात निदान प्रतींची संख्या जगजाहीर होती आणि चाहती तिच्याकडे बोट दाखवू शकत होती. आता कोणी काय किती वेळ पाहिले, याचा तपशील प्रामुख्याने प्रसारण कंपन्यांच्या हाती असतो. कौल देण्याचे उघड साधन मागे पडत असताना खर्चाच्या वाटा मात्र वाढत आहेत. या चाहतीला उद्योग यापुढे जाणकार प्रेक्षक मानणार की केवळ हुकमी गिऱ्हाईक, यावर जपानी ॲनिमेच्या पुढील वाटचालीचे स्वरूप बऱ्याच अंशी अवलंबून राहील.