प्लॉट कुणाचा, गवत कुणाचं आणि शिंका कुणाला? गाजर गवत उपटायचा मुहूर्त आपण दरवर्षी चुकवतोय

पुणे ग्रामीण : गणपती गेले, पाऊस उघडला की वाघोली, लोणीकंद, मांजरी, उरुळी कांचन या पट्ट्यात दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. ताप नाही, अंगदुखी नाही, पण सकाळी उठल्यापासून शिंका, नाकाला धार, डोळे लाल. कुणाच्या छातीत घरघर, तर कुणाच्या मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला खाजेचे चट्टे. आपण म्हणतो, "हवा बदललीय." पण हवेत नेमकं आलंय काय, हे कुणी विचारत नाही.

मोबाईलवर हवेचा एक्यूआय दिसतो. त्यात धूळ, धूर, वायू, शिसं अशा आठ गोष्टी मोजतात. फुलांचे परागकण त्यात नाहीत. त्यामुळं आकडा हिरवा असला तरी शिंका थांबतीलच असं नाही.

या दिवसांत परागकण बऱ्याच झाडांचे असतात. माळावरची गवतं फुलोऱ्यात येतात, सोसायट्यांच्या रस्त्याकडेला लावलेली सप्तपर्णी ऑक्टोबरमध्ये फुलते. बाजरीच्या मळणीची धूळ असते ती वेगळीच. पण आपल्या भागात सगळ्यात जास्त पसरलेलं आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे ते गाजर गवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी.

पुण्यातूनच सुरुवात

या गवताचा आपल्या जिल्ह्याशी जुना संबंध आहे. मूळ अमेरिका खंडातलं हे तण भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं ते पुण्यात, 1955 च्या सुमारास. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर बी आलं असं मानलं जातं. तिथून ते देशभर पसरलं.

एका झाडाला हजारोंनी बी येतं. बी इतकं बारीक आणि हलकं की वारा, पाटाचं पाणी, शेणखत, ट्रॅक्टरचं चाक, मुरमाचा डंपर, कशातूनही पुढं जातं. पाऊस पडला की उगवतं, महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, त्यानं कातडीला त्रास होतो. पराग हवेत उडतो, त्यानं नाक आणि छाती धरते. जनावरानं खाल्लं तर दूध कडू लागतं, हे गवळ्याला सांगायला नको.

पहिल्या वर्षी काहीच होत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. ॲलर्जी वारंवार संपर्क येऊन तयार होते. दहा वर्षं हातानं उपटणाऱ्या बाईला अकराव्या वर्षी चट्टे उठू शकतात.

शेतात कमी, प्लॉटिंगमध्ये जास्त

खरा मुद्दा इथं आहे. शेतात गाजर गवत वाढलं तर पीक मार खातं, म्हणून शेतकरी खुरपणी करतो, मजुरी देतो. पण शहराला लागलेल्या गावांत मधली जमीन ना शेती राहिली, ना वस्ती झाली. गुंठ्या-दोन गुंठ्याचे तुकडे पडले, दगड रोवले, मुरूम टाकला. मालक पुण्यात नाही तर मुंबईत. त्याला भाव वाढायची वाट बघायचीय, गवतानं त्याचं काहीच बिघडत नाही.

बिघडतं ते शेजाऱ्याचं. बी बांधाच्या अलीकडं येतं, खुरपणीचा खर्च शेतकऱ्याला. पराग खिडकीतून आत येतो, औषधाचा खर्च भाडेकरूला. नफा एकाचा, खर्च दुसऱ्याचा असा हा हिशोब आहे.

2021 मध्ये वाघोली, मांजरी बुद्रुकसह 23 गावं पुणे महापालिकेत गेली. तिथं आता महापालिकेकडं जायचं, पलीकडच्या गावांत ग्रामपंचायतीकडं. गवताला मात्र हद्द कळत नाही.

मोहीम होते, पण उशिरा

देशभरात 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत जागरूकता सप्ताह पाळतात. गावातली स्वच्छता मोहीम बहुतेक 2 ऑक्टोबरच्या आसपास असते. जूनच्या पावसावर उगवलेलं गवत ऑगस्टमध्ये फुलावर असतं आणि ऑक्टोबरपर्यंत बी सांडून मोकळं होतं. तेव्हा उपटलं की बी तिथंच झडतं, पराग अंगावर उडतो. त्यातही शाळेच्या पोरांना उघड्या हातानं उपटायला लावलं तर आपणच ॲलर्जी पेरतोय. हे बंद झालं पाहिजे.

म्हणून हा विषय 15 ऑगस्टच्या नव्हे, 1 मेच्या ग्रामसभेत घ्यायला हवा. ठराव मे मध्ये, रिकाम्या प्लॉटच्या मालकांना पत्र जूनमध्ये, उपटणी जुलैत, फूल यायच्या आधी. मालकानं केलं नाही तर ग्रामपंचायतीनं करून खर्च त्याच्याकडं मागावा, असं ठरावातच लिहावं. त्यासाठी कायद्याचा आधार कोणता, हे ग्रामसेवकाला आधीच विचारून घ्या.

तोवर काय करता येईल

- उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. जमीन ओली असताना मुळासकट काढा.
- फुलाआधी काढलेल्या गवताचं कंपोस्ट होतं. फुलावर आलेलं उकिरड्यात टाकू नका, बी शेतात येईल.
- पडीक जागेत 15 ते 20 टक्के मिठाच्या पाण्याची फवारणी चालते. पिकात अजिबात नको, जमीन खराब होईल.
- पानं खाणारा मेक्सिकन भुंगा 1983 मध्ये भारतात आणला गेला. पावसाळ्यात दिसला तर मारू नका. पण त्याच्या एकट्याच्या भरवशावरही राहू नका.
- बाहेरून आल्यावर तोंड-हात धुवा, कपडे बदला. त्रास असेल तर कपडे मोकळ्या माळाकडं तोंड करून वाळत घालू नका.
- त्रास कधी आणि कुठं गेल्यावर वाढतो ते लिहून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. कारण शोधायला त्याची मदत होते.
- मेडिकलमधून आपल्या मनानं स्टेरॉइडची गोळी किंवा मलम घेऊ नका. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते, ती घेऊन ट्रॅक्टर चालवू नका.
- "पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. डॉक्टरनं इनहेलर दिला असेल तर घ्या. धाप लागून बोलता येत नसेल तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठा.

या वर्षीचं बी पडून गेलंय, ते परत गोळा होणार नाही. पण 1 मे ला अजून वेळ आहे. ग्रामसभेला जाणाऱ्यांनी विषयपत्रिकेत हा एक विषय आजच लिहून द्यावा. सरपंच विसरले तरी कागद राहतो.