पाणी जिना चढत नाही

लाइट गेली की पाणी का जावं, हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारत असतो. बहुतेक जण माझ्याकडे, 'दिवस मावळल्यावर अंधार का होतो' असं विचारणाऱ्या पोराकडे पाहावं तसे पाहतात. "अहो, लाइट गेली म्हणजे मोटर बंद. मोटर बंद म्हणजे पाणी बंद." झालं! जणू पाणी हे विजेचं शेंडेफळ आहे आणि थोरली घराबाहेर पडली की धाकट्यानं तिचा पदर धरून मागोमाग निघायचं, अशी या घराण्याची रीतच आहे. माझं म्हणणं असं, की या दोघांचं जन्माचं काही नातं नाही. ते आपण लावून दिलेलं आहे; आणि लावून देणाऱ्यांत सोसायट्यांच्या कमिट्या, इमारतींचे आर्किटेक्ट आणि इन्व्हर्टर विकणारे ही मंडळी बोहल्याच्या अगदी जवळ उभी आहेत.

पुण्यात राहणाऱ्यानं तरी हे नातं मानू नये. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत, कात्रजच्या तलावांतून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं होतं. वाटेत पेठापेठांतून हौद. मध्ये कुठे मोटर नाही, स्टार्टर नाही, 'साहेब, एक फेज गेलाय' असं सांगून बिडी ओढायला जाणारा वायरमन नाही. कात्रज उंचावर आणि पुणे खाली, एवढ्याच भांडवलावर धंदा! तिकडे छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, पाणचक्की आहे. तिथं लांबून आणलेल्या पाण्याच्या जोरावर चक्की फिरे. आपल्याकडे आधी चक्र फिरावं लागतं, मग पाणी हलतं. याला प्रगती म्हणतात. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, शहरभर पाणीच पाणी झालं आणि नळ मात्र कोरडे पडले. त्या दिवसांत पुणेकर वाड्यांतल्या विहिरींकडे आणि पेठांतल्या हौदांकडेच वळले. आता ते वाडे नाहीत. त्यातल्या विहिरींवर पार्किंग आहे.

आता आमच्या इमारतीकडे या. चार मजले, बारा बिऱ्हाडं, खाली जमिनीत एक टाकी, वर गच्चीवर एक टाकी. महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत पडतं आणि मोटर ते वर चढवते. एकदा वर चढलं, की पुढं विजेचं काम संपलं. मग लाइट असो, जावो, पाणी आपल्या पायांनी खाली येतं. म्हणजे गच्चीवरची टाकी हीच खरी बॅटरी! ती फुगत नाही, तिला ॲसिड लागत नाही, तीन-चार वर्षांनी 'साहेब, एक्स्चेंजमध्ये घेतो' म्हणून कुणी ती उचलून नेत नाही. आणि ती भरायला लागतं किती? हजार लिटर पाणी पंधरा मीटर वर न्यायला शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या हिशेबानं 0.04 युनिट. मोटर कितीही जुनीपुराणी, कण्हतकुंथत चालणारी धरा, 0.2 युनिटच्या आत काम होतं. शहरातल्या माणसाला रोज 135 लिटर हा सरकारी हिशेब. आमच्या सबंध इमारतीचं दिवसाचं पाणी साडेसहा हजार लिटर. म्हणजे फार तर सव्वा युनिट वीज. सव्वा युनिट! एवढ्या विजेपायी बारा घरांतली अठ्ठेचाळीस माणसं तोंडाला साबण लावून उभी असतात.

कारण आमच्या गच्चीवरची टाकी दोन हजार लिटरची आहे. सकाळी सातला भरली, की नवाला ती घोटभर उरते. मग पुन्हा मोटर. म्हणजे लाइट नऊला गेली की सव्वानवाला पाणी गेलं. टाकी मोठी करा म्हटलं, तर चेअरमन म्हणतात, "एलेव्हेशन बिघडतं." एलेव्हेशन म्हणजे इमारत समोरून कशी दिसते ते. समोर कचऱ्याची गाडी उभी असते. तिला आमची इमारत कशी दिसते याची काळजी आम्ही वाहतो.

आमच्याकडे जनरेटर नाही असं समजू नका. आहे. हिरवा आहे. लाइट गेली की तो ट्रक चालू झाल्यासारखा चालू होतो आणि त्याच्यावर लिफ्ट चालते, जिन्यातले दिवे लागतात, गेटवरचा सीसीटीव्ही चालतो आणि दर्शनी भागातलं झुंबर उजळतं. पाण्याची मोटर त्याच्यावर नाही. का नाही, तर जनरेटर घेताना ती कुणाला आठवली नाही. झुंबर आठवलं. मी विचारलं, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पाण्याचं काय, तासा-दोन तासांत येतंच की." हे वाक्य ऑफिसात बसून म्हणायचं असतं. ओट्यापाशी उभं राहून हे वाक्य म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

तासा-दोन तासांत येतं खरं. पण मधल्या वेळात घरं काय थांबतात? खालच्या टाकीचं झाकण उघडलं जातं, दोरी बांधलेली बादली सुटते आणि पाणी जिन्यानं वर जायला लागतं. पाण्याला पाय नाहीत. ते कुणाच्या तरी कमरेवर बसून जातं. चौथ्या मजल्याला चौसष्ट पायऱ्या आहेत. पंधरा लिटरची बादली धरली, तर चार माणसांच्या घराच्या सरकारी पाण्याला छत्तीस खेपा; म्हणजे दोन हजार तीनशे चार पायऱ्या नुसत्या चढायच्या, उतरायच्या वेगळ्या. लिफ्ट वापरावी, तर लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून बादली न्यायला बंदी. तशी पाटी आहे. पाटीवर दिवाही आहे. जनरेटरवर चालतो.

आणि या खेपा घालतं कोण? चेअरमन नाही, सेक्रेटरी नाही, मीही नाही. पाच घरची भांडी घासणाऱ्या आमच्या मावशी. भांडी घासायची तर पाणी हवं, पाणी नाही तर आणा. आणता आणता शेजारच्या आजी म्हणतात, "जाताच आहेस तर माझीही एक बादली आण गं बाई." त्यांचं बरोबर आहे, त्यांचे गुडघे बदललेत. मावशींचे बदललेले नाहीत, कारण ते बदलायला पैसे लागतात. महिन्याच्या पगारात भांडी, केर-फरशी आणि कपडे यांचे दर ठरलेले आहेत. लाइट गेल्यावर चार मजले पाणी चढवायचा दर कुठल्याच घरात ठरलेला नाही. मी एकदा म्हटलं, "मावशी, बसा घटकाभर." तर हसून म्हणाल्या, "काका, लाइट गेली का तुमची मोटार बंद व्हती अन् माझी चालू व्हती." सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "यांना काय सांगताय, हे लेख लिहितील." आणि दुसरी बादली घेऊन त्या स्वतः खाली गेल्या.

बरं, गेल्या मे महिन्यात लाइट दिवसभर गेली, तेव्हा कमिटीनं काय करावं? टँकर मागवला. दहा हजार लिटर. तो आला, त्यानं खालच्या टाकीत पाणी सोडलं, पैसे घेतले आणि गेला. खालची टाकी आधीच अर्धी भरलेली होती! आता ती काठोकाठ भरली. बारा बिऱ्हाडांतली माणसं त्या टाकीभोवती गोल उभी राहून, ग्रहण बघावं तसं पाण्याकडे बघत होती. वर कसं न्यायचं हे टँकरवाल्यालाही कुणी विचारलं नाही.

या सगळ्यावर तोडगा म्हणून सुचवला जातो तो इन्व्हर्टर. माझे एक स्नेही आहेत, त्यांना गळणाऱ्या छपरापासून मुलीच्या लग्नापर्यंत कशावरही इन्व्हर्टर सुचतो. घरगुती इन्व्हर्टरवर पंखे फिरतात, टीव्ही चालतो. पण पाण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. तो झटका बसला की इन्व्हर्टर शिट्टी वाजवून डोळे मिटतो. बॅटरीत वीज असते, उचलायची ताकद नसते. थोडक्यात, घरातल्या कर्त्या पुरुषासारखाच.

नव्या टोलेजंग इमारतींत तर काही ठिकाणी वरची टाकीच काढून टाकलीय म्हणे. खालूनच प्रेशर पंप पाणी फेकतो. शॉवरला काय जोर! लाइट असते तोवर. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा दिवशी तिसाव्या मजल्यावर जोरदार शॉवरखाली उभ्या असलेल्या गृहस्थाबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. त्याच्या घरी बादली नेणाऱ्या बाईबद्दल जास्त वाटतं.

त्यापेक्षा 2005 नंतरची ती भारनियमनाची वर्षं बरी होती, असं म्हणायची पाळी आलीय. तेव्हा वेळापत्रक असायचं. अमुक ते अमुक लाइट नाही म्हटलं की आदल्या रात्री पिंप, हंडे, कळश्या, पोरांचं टब, सगळं भरून तयार. आता वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून पिंप अडगळीत गेलं आणि त्याच्या जागी वाय-फायचा बॅकअप आला.

मी कमिटीला अर्ज दिला आहे. वर निदान एका दिवसाचं पाणी मावेल एवढी टाकी बसवा, पण आधी स्लॅबला तेवढं ओझं पेलतं का हे इंजिनिअरकडून तपासून घ्या. जनरेटरवर आधी पाण्याची मोटर घ्या, मग जीव राहिला तर झुंबर. आणि आवारातल्या जुन्या बोअरवरचा हापसा, जो गाड्या लावायला अडचण होते म्हणून उपटला, तो परत बसवा. आणि हे होईपर्यंत लाइट गेल्यावर जो कुणी बाईला पाणी चढवायला लावील, त्यानं खेपेला दर द्यावा. तो दर चेअरमननी स्वतः एक बादली चौथ्या मजल्यावर नेऊन ठरवावा.

सेक्रेटरींनी अर्ज घेतला, पोच दिली. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो अकरावा आहे. दहावा विषय झुंबराला एलईडी बसवण्याचा आहे, आणि त्यावर बोलायला सात जणांनी नावं दिली आहेत.