ठासणीची आहे, ठासणीचीच राहू द्या

राज्य राखीव पोलीस दलाच्या शस्त्रागारात आर्मोरर म्हणून नोकरी केली आणि दौंडलाच निवृत्त झालो. मूळ गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठचं. त्यामुळे दोन्ही तालुक्यांतल्या माणसांना हत्याराचं काही विचारायचं झालं की ती माझं दार वाजवतात. पूर्वी परवान्याच्या नूतनीकरणाचं विचारायची, निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक कधी परत मिळेल ते विचारायची. अलीकडे प्रश्न बदललाय. "नाना, आजोबांची ठासणीची आहे. काडतुसाची करून घेता येईल का?" नाहीतर, "पणजोबांचं बारकं रिव्हॉल्वर आहे, केपाचं. लेथवाला म्हणतो, देतो करून. टाकू का त्याच्याकडे?"

अजिबात टाकायचं नाही. येईल त्याला मी हे तोंडी सांगतोच. पण जे येत नाहीत आणि परस्पर लेथवाल्याकडे जातात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हा प्रश्न हौसेतून आलेला नाही, हे मला माहीत आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड आणि जांबूत भागात बिबट्यानं लहान लेकरं नेली, एक म्हातारी नेली. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवला, शेवटी वनखात्यानं आणलेल्या नेमबाजांनी तो बिबट्या मारला. उसाच्या पट्ट्यात ज्याला रात्रीच्या लाइटीवर मोटार चालू करायला जावं लागतं, त्याला हातात काहीतरी हवं असं वाटणारच. त्या भीतीची चेष्टा करणाऱ्यानं एकदा रात्री दोन वाजता उसात बारं द्यायला उभं राहून पाहावं. पण त्या भीतीपोटी जे हत्यार हातात घेतलं जातंय, ते बिबट्याआधी धरणाऱ्यालाच खाईल.

असंच एक बारकं रिव्हॉल्वर मध्यंतरी एका घरात मला दाखवलं. पाच बारांचं, तळहातात मावणारं, लाकडी मुठीवरची नक्षी हातांनी झिजून गुळगुळीत झालेली. ते घरात कसं आलं ते कुणाला सांगता येईना. शिरूरला, म्हणजे तेव्हाच्या घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती, पूना हॉर्सचे घोडेस्वार तिथे असत आणि गोरे अधिकारी पिस्तुलं स्वतःच्या पैशानं विकत घेत. त्यातलंच एखादं असेल. केप, म्हणजे ठिणगी देणारी बारकी टोपी, बसवायची मागची बारीक बोंडं कुणीतरी उडवून टाकली होती आणि चक्रीची घरं काडतुसासाठी मोठी केली होती. मी चक्री उजेडाकडे धरून फिरवली. दोन घरांमधली भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला नखाएवढीही नाही. एक घर नळीच्या सरळ रेषेत येतच नव्हतं. गोळी नळीत शिरताना कडेवर आपटणार आणि तिथे शिसं तासलं जाऊन बाजूला उडणार. तिसऱ्या घराच्या तोंडाशी केसाएवढी चीर होती. म्हणजे हे एकदा उडवून पाहिलेलं होतं. उडवणाऱ्याची बोटं शाबूत राहिली हे त्याच्या आईचं नशीब.

करून देणारा लेथवाला कामात हलका होता असं नाही. रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे लेथवर हात बसलेली पोरं भरपूर आहेत, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप धरतात. अडचण मापाची नाहीच. अडचण धातूची आणि दारूची आहे.

ठासणीच्या हत्यारात जाते ती काळी दारू: सोरा, गंधक, कोळसा. ती जळते तेव्हा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळीच होतो. दाब बेताचा असतो. १८५०-६० च्या लोखंडाला तो दाब सोसतो, कारण तेवढाच सोसायचा म्हणून ते घडवलं होतं. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यानं बिनधुराची दारू काढली आणि सगळं गणित बदललं. आज दुकानात परवान्यावर मिळणाऱ्या काडतुसात ही बिनधुराची दारू असते. तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी वर जातो. बाहेरून पितळेची पुंगळी तशीच दिसते, घरात बसतेही, आणि म्हणून माणूस फसतो. बसलं म्हणजे चालतं असं नाही. शस्त्रागारात नव्या पोराला आम्ही पहिल्याच आठवड्यात हे शिकवायचो.

आता कुणी म्हणेल, असे बदल जगभर झालेत की. झालेत, आणि ते कसे झाले हे पाहण्यासारखं आहे. १८५३ ची एनफील्ड, जिच्या काडतुसावरून १८५७ ला वणवा पेटला, ती ठासणीचीच होती. १८६६ पासून इंग्रज सरकारनं त्याच एनफील्डच्या मागच्या बाजूला जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची झडप बसवून ती मागून भरायची केली. ॲडम्सचं केपाचं रिव्हॉल्वर १८६८ च्या सुमारास इंग्रज फौजेनं काडतुसाचं करून घेतलं. अमेरिकेत आरपार घरांच्या चक्रीचं पेटंट स्मिथ अँड वेसनच्या हातात १८६९ पर्यंत होतं. रेमिंग्टननं त्यांना पैसे भरून १८६८ मध्ये आपली जुनी रिव्हॉल्वरं बदलली, कोल्टनं १८७१ नंतर बदलली, त्यात खिशातली बारकी रिव्हॉल्वरंही होती. हे सगळं कारखान्यात झालं, ज्यांनी मूळ हत्यार केलं त्यांच्याकडे किंवा सरकारी देखरेखीखाली. आणि खरी गोम ही की त्या बदललेल्या हत्यारांत जाणाऱ्या काडतुसाच्या पोटात दारू काळीच होती. खडकीचा आपला दारूगोळा कारखाना १८६९ चा, तेव्हा बिनधुराची दारू जन्मायला पंधरा वर्षं बाकी होती. त्या काळातला बदल दाखवून आजचं काडतूस घालायला निघणं ही सरळसरळ गफलत आहे.

पोरं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवतात. तिकडे माणूस केपाच्या रिव्हॉल्वरची चक्री काढतो, दुसरी काडतुसाची चक्री बसवतो आणि धडाधड बार काढतो. ते रिव्हॉल्वर आजोबांचं नसतं. उबेर्ती, पिएत्ता या इटालियन कारखान्यांनी आजच्या पोलादात केलेली ती जुन्या नमुन्याची नवी प्रत असते. चक्रीसुद्धा त्यासाठी मुद्दाम बनवलेली. तरीही ती विकणारे बजावतात की हलक्या भाराचंच, साध्या शिशाच्या गोळीचं काडतूस वापरा. तिकडचा कायदाही वेगळा. इथलं लोखंड दीडशे वर्षांचं, इथला कायदा इथला.

तो कायदा स्पष्ट सांगतो, कारण गावात याबद्दल भलत्याच समजुती आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमात परवान्याशिवाय नळी आखूड करायला आणि नकली बंदुकीची खरी करायला आधीपासून बंदी होती. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं त्यात आणखी एक गोष्ट आली: एका वर्गातलं शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणं. शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड. घरची बंदूक परवान्याची असली, म्हणून तिच्यात काहीही करायची मुभा मिळत नाही.

दुसरी समजूत, "जुनं आहे, शोभेचं आहे, त्याला कसला परवाना?" कलम ४५ मध्ये जुन्या आणि पुराणवस्तूच्या मोलाच्या हत्यारांना सूट आहे, हे खरं. पण अट अशी की ते दुरुस्त केलं तरी उडता कामा नये. नुसतं गंजलंय, घोडा तुटलाय, एवढ्यानं भागत नाही. घोडा नवा बसवल्यावर बार निघणार असेल तर ते बंदूकच आहे. म्हणजे जे लेथवर बदलता येतं, ते सूट मिळण्याजोगं नव्हतंच!

आता लोकांच्या गाऱ्हाण्याकडे येतो, कारण ते खरं आहे. लोक लेथकडे का जातात? सरळ वाटेवर कुणी बोलत नाही म्हणून. याच कायद्याच्या तेराव्या कलमात लिहिलंय की पिकाच्या रक्षणासाठी नागरिकाला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल. म्हणजे ठासणीची पुरत नसेल तर ती बदलायची नाही, बारा बोअरसाठी रीतसर अर्ज करायचा. ही वाट १९५९ पासून कायद्यात आहे. माझ्या भावकीतल्या एका शेतकऱ्यानं तसा अर्ज केला. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात कागद फिरला, शेवटी त्याला कुणी 'हो'ही म्हणालं नाही आणि 'नाही'ही म्हणालं नाही. लेखी नकार मिळाला असता तर तो पुढे दाद मागायला गेला असता. उत्तरच न देणं हा सगळ्यात वाईट नकार, कारण त्यातूनच माणूस आडवाटेला लागतो. आणि ती आडवाट लेथवर थांबत नाही. पुढे ती मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमरटीपर्यंत जाते, जिथल्या गावठी पिस्तुलांच्या भट्ट्या पुणे पोलिसांना २०२५ च्या नोव्हेंबरात तिथवर जाऊन मोडाव्या लागल्या.

बंदूक हातात आली तरी बिबट्याचा प्रश्न सुटत नाही, हेही बोललं पाहिजे. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारायचा हुकूम राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो. प्रत्यक्ष अंगावर आल्यावर जीव वाचवताना तो मेला तर कायदा समजून घेतो. पण पीक राखायच्या परवान्यावर बिबट्याच्या मागे जाता येत नाही, रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते. अंधारात उसाच्या फडात आखूड नळीच्या जुन्या रिव्हॉल्वरनं तर दहा पावलांवरचं लक्ष्यही लागत नाही. लागलं तर जखमी बिबट्या मागे राहतो, आणि तो साऱ्या शिवाराला भारी पडतो. पंपाला दिवसा वीज, बंदिस्त गोठा, वस्तीवर दिवा, वेळेवर येणारा पिंजरा, याचा आग्रह धरायला हवा. दिवसा वीज देण्यासाठीची सौर कृषिवाहिनीची योजना २०१७ पासून आहे. उसाच्या या पट्ट्यात तिची वीज आधी पोचली पाहिजे, तिथे माणसं मरताहेत.

जुन्या हत्यारांसाठी मात्र एक काम लगेच करता येईल. दौंडला राखीव दलाचे पाचवा आणि सातवा असे दोन गट आहेत, दोन्हीकडे शस्त्रागार आहे, जाणते आर्मोरर आहेत. वर्षातून एकदा शिरूरला आणि एकदा दौंडला तपासणीचं शिबिर घ्या. लोकांनी वाडवडिलांची हत्यारं घेऊन यावं, आणि आणणाऱ्यावर निव्वळ आणलं म्हणून गुन्हा दाखल होणार नाही असं जिल्हाधिकाऱ्यांनी आधी जाहीर करावं. हा शब्द फार महत्त्वाचा. १८७८ साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला, पुढच्याच फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांची टोळी आमच्या तालुक्यातल्या धामारीवर चालून आली, आणि त्यानंतर या मुलखात हत्यार म्हणजे लपवायची वस्तू झाली. आजोबांनी नातवाला बंदूक दिली ती त्या धास्तीसकट दिली.

शिबिरात सगळ्यात आधी पाहायचं ते बंदूक भरलेली आहे का. हे ऐकून लोक हसतात. पण ठासणीच्या बंदुकीत एकदा बार भरला की तो उडवल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय जात नाही, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेट घेते. गज नळीत अलगद सोडायचा, टेकला की तोंडापाशी चिमटीत धरायचा, बाहेर काढून तेवढाच गज नळीवर बाहेरून लावायचा. त्याचं टोक नळीच्या बुडाशी, कानापर्यंत, पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे, मग पुढे कुणी हात लावायचा नाही, जाणत्याकडे द्यायची. भिंतीवर टांगलेल्या, पोरांनी दसऱ्याला पुजलेल्या बंदुकीत असा बार निघालेला मी पाहिलाय.

तपासून झाल्यावर वारसापुढे दोन वाटा ठेवाव्यात. उडती ठेवायची असेल तर वारसाच्या नावानं परवाना, तोही दोन शस्त्रांच्या मर्यादेत, कारण २०१९ पासून वारशानं आलेलं शस्त्रही त्याच दोनात धरलं जातं. नाहीतर ती कायमची निकामी करून, तसा दाखला देऊन घरीच ठेवू द्यावी, म्हणजे आजोबांची खूणही राहील आणि कुणाचा जीवही जाणार नाही. ज्यांना घरी नको असेल त्यांची पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी सोय व्हावी. दीडशे वर्षांचं केपाचं रिव्हॉल्वर जसंच्या तसं असेल तर ते इतिहासाचा पुरावा आहे. बोंडं उडवून घरं मोठी केली की ते मोल गेलं, आणि उरतो तो गुन्ह्यातला मुद्देमाल.

या शिबिराला फार पैसा लागत नाही. एक बंद खोली, दोन टेबलं, वाळूची पेटी, नोंदवही आणि सही करायचा अधिकार असलेला एक माणूस. आर्मोरर कमी पडत असतील तर माझ्यासारखे निवृत्त झालेले या भागात आणखीही आहेत, आम्ही बिनपगारी येऊ. तोवर ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी ते कोरड्या जागी, कुलपात, पोरांच्या हाताबाहेर ठेवावं, आणि लेथवाल्या पोरांनी असं काम घेऊन कुणी आलं तर हत्याराला हात न लावता त्याला परत पाठवावं.