ताबा कुणाचा? तिसऱ्याचाही!

मुलाचा ताबा म्हटलं की आपल्याला आठवतं वांद्र्याचं फॅमिली कोर्ट. एकीकडे आई, दुसरीकडे बाबा. ऑनसाइट कॅलिफोर्नियाला निघालेल्या मंडळींनो, तिथलं ज्युवेनाइल डिपेंडन्सी कोर्टही माहीत असू द्या. तिथे तिसरी पार्टी असते, सरकार!

घरात मारहाण झाली, शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, की सोशल वर्कर दारात हजर. मूल काढून नेलं, तर सुट्ट्या सोडून ४८ तासांत कोर्टात अर्ज आणि कामाच्या पुढच्याच दिवशी सुनावणी. प्रश्न आईलाही येतो, ‘मुलाला का नाही वाचवलंस?’ मार तिनंच खाल्लेला असतो, बरं का! न्यूयॉर्कच्या वरिष्ठ कोर्टाने २००४मध्ये निकल्सन खटल्यात सांगितलं, की मुलाने मारहाण पाहिली एवढ्यावरून आई दोषी ठरत नाही. पण तो निकाल न्यूयॉर्कपुरता.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, तर ते परत मिळवण्यासाठी आईला साधारण सहाच महिने मदत मिळते. डिपेंडंट व्हिसावरच्या, स्वतःचं बँक अकाउंटही नसलेल्या मुलीला हे सहा महिने किती पुरणार? इकडून फोनवर ‘जरा अॅडजस्ट कर गं’ सांगणाऱ्या मावशीचं ऐकून ती नवऱ्याकडे परतली, तर तेच तिच्याविरुद्ध जाऊ शकतं.

वकील परवडत नसेल तर कोर्ट देतं, आणि नवऱ्याला घराबाहेर ठेवण्याचा आदेशही हेच कोर्ट काढू शकतं. अमेरिकेची चोवीस तासांची हेल्पलाइन: १-८००-७९९-७२३३. मैत्रीण तिकडे असेल, तर आजच कळवा.